जे मीठ निळं झालं नाही

निळं

"घरचं मीठ कुणी कुणी आणलंय?"

अख्ख्या हॉलनं हात वर केले. आधीच सांगून ठेवलं होतं सगळ्यांना. येताना आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ पुडीत बांधून आणा, बाबांवर विश्वास ठेवू नका, आपल्या मिठावर ठेवा! म्हणून कुणी कागदात, कुणी रुमालाच्या टोकाला, कुणी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत मीठ घेऊन आलं होतं. नगरपालिकेच्या त्या हॉलमध्ये एरवी पाणीपट्टीच्या सभेला पुढची रांगसुद्धा भरत नसे. त्या दिवशी खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती आणि दारातल्यांना आत काय चाललंय ते मागचे पुढच्यांना विचारून सांगत होते.

स्टेजवर एक टेबल, दोन पांढऱ्या बशा आणि काचेची एक बाटली. मागे खडेबाबा. डोंगरातले मिठाचे खडे विकायचे म्हणून खडेबाबा. दाढी नाही, माळा नाहीत, पांढराशुभ्र शर्ट. पहिल्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या कांजीवालीच्या मनात आलं, कॉलरला कांजी जरा जास्तच झालीय. ती लाँड्रीत कामाला होती. कपड्यांना द्यायची कांजी शिजवणं हे तिचं काम, म्हणून लाँड्रीत तिला सगळे कांजीवालीच म्हणत. माणूस पाहिला की आधी तिला त्याची कॉलर दिसायची.

"त्या ताई. दोन जिवांच्या. या वर."

ती दचकली. पोट अजून फारसं दिसत नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंनीच कोपरानं ढोसलं. "जा की गं! तुलाच बोलावतायत."

ती वर गेली. बाबांनी तिच्याच पुडीतलं मीठ तिच्याच हातानं बशीत ओतायला लावलं. बोट लावलं नाही.

"मी काही करत नाही बरं का. मी फक्त विचारतो. मिठाला विचारतो, बाबा रे, तुझ्या पोटात काय आहे? आणि हे साक्षीचं पाणी कधी खोटं बोलत नाही."

एक थेंब पडला. क्षणभर काहीच नाही. मग पांढऱ्या ढिगाच्या मधोमध शाई सांडावी तसा जांभळा ठिपका उमटला, पसरला आणि गडद निळा झाला.

हॉलमधून असा आवाज आला, जणू सगळ्यांच्या छातीतली हवा एकदम कुणी काढून घेतली.

"आता आमचं डोंगराचं मीठ. कुठल्या कंपनीनं हात न लावलेलं." दुसऱ्या बशीत खडे कुटून टाकले. थेंब पडला. मीठ पांढरंच राहिलं. बाबांनी बशी उचलून पार मागच्या रांगेपर्यंत फिरवली. पांढरं! पांढरं! पांढरं!

"ताई, हे निळं तुमच्या जिभेवरून पोटात जातं. पोटातून नाळेत जातं. आणि नाळेतून..."

इथे बाबा थांबले. पुढे बोललेच नाहीत. हीच त्यांची खरी कला होती, वाक्य अर्धवट सोडायचं. उरलेलं माणसं आपापल्या भीतीनं पूर्ण करतात.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी मिठाची बरणी मोरीत रिकामी केली, दोनदा विसळली, पुसली आणि खड्यांनी भरली.

"वाचलो गं बाई," त्या म्हणाल्या.


पांढरं

मुलगी झाली. नाव काहीही ठेवलेलं असो, सगळे तिला बबडी म्हणू लागले.

बबडी रडायची नाही. भूक लागली तरी बारीक कुंईं करून गप्प. दिवसभर झोपायची. अंगावर पाजायला उठवावं लागे. गल्लीतल्या बायका बघायला येत आणि दाराबाहेर पडता पडता म्हणत, "काय शांत मूल! खड्याचं बाळ हं हे!"

खड्याची बाळं आणखीही होती. समोरच्या सुताराकडे, कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे. सगळी शांत. बाबा दर वर्षी यायचे तेव्हा या बाळांना स्टेजवर उभं करायचे. आधी निळ्याचा चमत्कार, मग शांत बाळांचा चमत्कार. टाळ्या पडायच्या. मुलं टाळ्यांकडे बघत राहायची.

बबडी उशिरा बसली. उशिरा उभी राहिली. बोलली तर फारच उशिरा, आणि तेही एकेक शब्द नीट पुसूनबिसून ठेवल्यासारखा. शाळेत घातलं तर बाई म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, पण शिकवलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही हो." पोरं तिला हळूबाई म्हणू लागली. बबडीला ते नाव आवडलं. घरी येऊन तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं, "मी हळूबाई!"

त्या रात्री जेवताना आई मान खाली घालून वाढत राहिली. आजी बोलली. उठून शेजारच्या पोरांच्या दारात गेली आणि अशी काही बोलली की आठवडाभर त्या दारातून कुणी मान वर करून गेलं नाही.

आजीचा आणि बबडीचा जीव एकमेकींत होता. बटण लावायला आजी, बूट घालायला आजी. "लावलं की नाही माझ्या राणीनं? आता दुसरं. घाई कुणाला आहे?" घाई खरंच कुणाला नव्हती. सगळ्या घरानं आपलं घड्याळ बबडीच्या घड्याळाला लावून घेतलं होतं.


बाबांची उत्तरं

बाबा, मुलगी मागे पडते.
— थोडं निळं आधीच गेलं होतं. मी आलो म्हणून एवढ्यावर भागलं.

बाबा, सुनेच्या गळ्याखाली गाठ आलीय.
— विष गळ्याशी येऊन थांबलंय. बाहेर पडतंय. खडे वाढवा.

बाबा, पलीकडच्या गल्लीतली मुलं दुकानाचं मीठ खातात आणि पाढे घडाघडा म्हणतात.
— बडबड म्हणजे बुद्धी नव्हे. आपली मुलं शांत आहेत.

बाबा, दवाखान्यातली बाई विचारते, कोणतं मीठ खाता?
— सांगायचं, घरचं. खोटं थोडंच आहे?

असं कोणतं दुखणं नव्हतं जे बाबांना खोटं पाडेल. मूल हुशार निघालं तर खड्यांमुळे, मंद निघालं तर खडे उशिरा सुरू केल्यामुळे. नाणं कसंही पडलं तरी बाबांचीच बाजू वर.


कांजी

लाँड्री शहराच्या टोकाला होती. हॉटेलांच्या चादरी, शाळेचे पडदे, आणि दवाखान्याचे कोट, अभ्रे, टेबलावरची कापडं. आत वाफ इतकी की समोरचा माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. कांजीवालीचं पिंप मधोमध. पीठ पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. गुठळी झाली की कॉलरवर पांढरा खवला धरतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देतं.

दवाखान्याचे कपडे कांजीत टाकण्याआधी वेगळे काढायचे, हा तिथला पहिला नियम. नव्या मुलींना मुकादमबाई पहिल्याच दिवशी दम भरायच्या, "जखमेवरच्या टिंक्चरचा तपकिरी डाग दिसला की बाजूला! कांजीत गेला की निळाकाळा होतो, मग बापजन्मात निघत नाही." कांजीवालीनं हे कितीदा ऐकलं होतं, कितीदा दुसऱ्यांना सांगितलं होतं. निळे झालेले अभ्रे फाडून फडकी केली जात. त्याच निळ्या फडक्यांनी ती पिंपाचा काठ पुसायची.

रोज. आणि दर वर्षी हॉलमध्ये जाऊन त्याच निळ्याला घाबरायची.

काही गोष्टी आपण दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवतो. खिसे एकाच सदऱ्याचे असतात, पण हात एका वेळी एकाच खिशात जातो.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून बबडी लाँड्रीत आली होती. दारातल्या पायरीवर पडली, गुडघा खरचटला. मुकादमबाईंनी कपाटातलं टिंक्चर काढून कापसानं लावलं. बबडी रडली नाही. तिनं फक्त गुडघ्याला हात लावून बघितला, बोटं तपकिरी झाली, आणि ती पुसायला तिनं जवळचं जे काही होतं ते ओढलं. ओला, नुकताच कांजीतून काढलेला पडदा.

"बबडे! अगं काय केलंस!"

पडद्यावर बोटांचे ठसे उमटले होते. निळे.

बबडी ते बघत राहिली. मग तिनं तोच हात आणखी एकदा पडद्याला लावला. आणखी एकदा. मग आईकडे वळून, एकेक शब्द ठेवत, म्हणाली:

"आई. खडेबाबांचं. निळं."

कांजीवालीचा ढवळणारा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"बाबांचं निळं. इथे पण."

पिंपात गुठळ्या धरल्या. मुकादमबाई ओरडल्या. कांजीवालीला काही ऐकू गेलं नाही. तिनं टिंक्चरची बाटली उचलली, एक थेंब बाजूच्या बादलीतल्या गार कांजीत टाकला, आणि त्या पांढऱ्या कांजीत शाई सांडावी तसा जांभळा ठिपका उमटला, पसरला, गडद निळा झाला.

ज्या मुलीला शिकवलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं, तिनं हे सांगितलं होतं.


दवाखाना

डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी आधी बबडीचा गुडघा बघितला, मग आईचा गळा बघितला, आणि गळ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"टिंक्चरमध्ये काय असतं?" कांजीवालीनं विचारलं.

"आयोडीन."

"विष आहे का?"

"बाटलीभर प्यायलीस तर पोट जळेल. म्हणून ते फक्त जखमेवर लावायचं. पण तेच आयोडीन, अगदी कणभर, रोज जेवणातून पोटात जायला लागतं. डोंगराकडच्या मातीत ते कमी, म्हणून भाजीपाल्यातही कमी. म्हणून तर मिठात घालतात. पाकिटावर लिहिलेलं असतं की!"

"आणि कांजीत पडलं की निळं होतं."

डॉक्टरीणबाईंनी चमकून वर बघितलं. "तुला कसं माहीत?"

"मी लाँड्रीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी खण उघडून एक लहानशी बाटली काढली आणि स्वतःच्या डब्यातल्या मिठावर थेंब टाकला. निळं. "मीठ तपासायला हीच वापरतो आम्ही. यात कांजी असते, थोडं आंबट, आणि मिठातलं आयोडीन मोकळं करायला एक औषध. आयोडीन असलं की निळं, नसलं की पांढरं. निळं झालं की आम्हाला बरं वाटतं."

कांजीवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. आता ती मागे सरकून नीट बसली.

"पांढरं राहिलं तर?"

"तर त्या मिठात आयोडीन नाही. कोण खातं तुमच्याकडे असलं मीठ?"

ती बोलली. सगळं. हॉल, बशा, बरणी, गळ्याची गाठ, शांत बाळं. डॉक्टरीणबाईंनी मध्येच लिहिणं थांबवलं आणि पेन ठेवून दिलं.

"पोटातल्या बाळालाही ते लागतं का?" कांजीवालीनं विचारलं.

"गळ्यात एक ग्रंथी असते. ती आयोडीनपासून एक रस बनवते. बाळाचा मेंदू घडतो तो त्या रसावर. सुरुवातीला तर बाळाची स्वतःची ग्रंथी कामच करत नाही, सगळं आईकडून येतं. आईलाच आयोडीन फार कमी पडलं तर मेंदूची घडण कच्ची राहू शकते. पुढे बोलणं, शिकणं, लक्षात राहणं, सगळं जड जातं."

बबडी टेबलावरचा कागद दुमडत होती. उघडत होती. पुन्हा दुमडत होती.

"म्हणजे माझी..."

"हे बघ, एका मुलाकडे बोट दाखवून छातीठोकपणे सांगता येत नाही, की याचमुळे झालं. मुलं मागे पडायला कारणं पुष्कळ असतात. तिची रक्ततपासणी करू, तुझीही करू. पण तू जे सांगतेस त्यावरून शंका येते. दाट शंका येते."

"आता मीठ बदललं तर?"

"आजच बदला. सगळ्या घराचं. तिची ग्रंथी नीट चालेल, तिच्या अंगाला बरं पडेल. औषध लागलं तर देऊ. तिला शिकवायच्या निराळ्या पद्धती आहेत, त्याही सांगते."

"आणि जे राहून गेलं ते?"

डॉक्टरीणबाईंनी नजर चुकवली नाही. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

"मेंदूचा पाया घडायची ती वेळ मागे आणता येत नाही."


उलटं

दवाखान्यातून घरापर्यंत चालताना तिनं ती मागे आणली.

हळूबाई म्हणणाऱ्या पोरांच्या तोंडात शब्द परत गेला. शाळेतल्या बाईंनी वाक्य गिळलं. बबडी उभी होती ती बसली, बसली होती ती आडवी झाली, लहान लहान होत गेली आणि पोटात गेली. सासूबाईंच्या हातातल्या बरणीतून खडे वर उडाले आणि पिशवीत जाऊन पडले. मोरीच्या जाळीतून मीठ कणाकणानं वर आलं, बरणीत शिरलं, बरणीला झाकण लागलं. हॉलमध्ये टाळ्या मिटल्या. बशीतलं गडद निळं आक्रसत जांभळं झालं, ठिपका झालं, थेंब होऊन वर चढलं आणि बाटलीत गेलं. ती स्टेजवरून पाठमोरी उतरली. पाठमोरीच रस्त्यानं चालत घरी आली. आणि सासूबाई म्हणाल्या, "चल गं, सगळे निघालेत." आणि ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे आई. मला आज कंटाळा आलाय."

एवढंच. मला आज कंटाळा आलाय.

बबडीनं हात ओढला. "आई, घर गेलं."

घर मागे राहिलं होतं. त्या दोघी पुढे चालत आल्या होत्या.


दोन बशा

दार उघडंच होतं. आत नणंद, घरातली धाकटी, पाय पसरून वाटाणे सोलत बसली होती. लग्न होऊन पलीकडच्या आळीत गेलेली. काहीतरी झाल्याशिवाय दुपारची यायची नाही. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"वहिनी, बबडीच्या वेळी 'आत्या होणार, आत्या होणार' म्हणून चिडवायचीस ना मला? आता तू मामी हो!"

"कितवा लागला?" विचारता विचारता कांजीवालीचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे डबा होता. काठोकाठ खड्यांनी भरलेला.

"आईनं दिलाय," धाकटी म्हणाली. "आणि परवा हॉलमध्ये मला वर बोलावणार आहेत! आईचा तर काय वट आहे तिथे."

खरं होतं. सासूबाई आता बाबांच्या बशा धरायच्या. गावात त्यांना बशीमावशी म्हणत.

वाटेत कांजीवालीनं भांडणाची सगळी तयारी केली होती. कुठून सुरुवात करायची, काय काय बोलायचं, कोणता शब्द कुठे लागेल. ते सगळं तिच्या तोंडाशी होतं. आणि तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, बबडीचा गुडघा बघून खाली बसल्या, जखमेवर फुंकर घालू लागल्या. "कुणी पाडलं माझ्या राणीला? पायरीनं? थांब, पायरीला बघतेच मी."

तिनं दोन बशा मांडल्या. एकीत वाटेत घेतलेलं दुकानाचं मीठ, एकीत खडे कुटून. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या बाटलीतला थेंब टाकला. एक निळी, एक पांढरी.

"बघ!" सासूबाई हरखल्या. "दवाखान्याचं पाणीपण तेच सांगतंय. बाबा खरंच बोलतात!"

"आई, आता हे बघा." वाटीत लाँड्रीतून आणलेली कांजी. त्यात टिंक्चरचा एक थेंब. निळं.

"हे तर गुडघ्याला लावतात ते."

"तेच. मिठातलं निळं म्हणजे हेच, आयोडीन. पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला ते लागतं. खड्यांत ते नाही आई. म्हणून खडे पांढरे राहतात."

वाटाणे सोलायचा आवाज थांबला. धाकटीचा हात आपोआप पोटावर गेला.

सासूबाई बशांकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर हळूहळू उचलली आणि जमिनीवर बसून वाटाण्यांची रांग लावणाऱ्या बबडीवर जाऊन थांबली.

"मग आपली बबडी?"

"डॉक्टर म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही."

"नक्की सांगता येत नाही म्हणजे तसं नाही, असं नव्हे ना?"

कांजीवालीनं बाटलीचं बूच लावलं.

"तुझ्या ताटात मी वरून टाकायचे गं," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "तू म्हणायचीस, आई नको, खारट होतं. तरी मी चिमूटभर टाकायचेच. म्हटलं, पोरीला कमी पडायला नको."

कांजीवालीच्या तोंडाशी आलेले सगळे शब्द तिथेच विरघळले. रागावायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तिनं खड्यांचा डबा उचलला आणि धाकटीच्या समोरून बाजूला नेऊन ठेवला.

बबडीनं रांगेतला एक वाटाणा उचलून आजीला दिला. "रडू नको. घाई कुणाला आहे?"


पुन्हा हॉल

"घरचं मीठ कुणी कुणी आणलंय?"

हात वर झाले. बाबांचा शर्ट तसाच पांढरा. बशीमावशी बाजूला बशा घेऊन उभ्या. पहिल्या रांगेत कांजीवाली, बबडी, धाकटी, आणि कधी नव्हे त्या डॉक्टरीणबाई.

"त्या ताई. दोन जिवांच्या. या वर."

धाकटी जागची हलली नाही. बाबा हसले. "लाजतात. मावशी, लेक ना तुमची? बोलवा की."

"बोलावते. आधी पाण्याला एक विचारू द्या." सासूबाईंनी पदराआडून बाटली काढली आणि बाबांना काही कळायच्या आत साक्षीच्या पाण्यात टिंक्चरचे दोन थेंब टाकले.

सगळी बाटली काळीनिळी झाली.

"मावशी! काय केलंत हे! पाणी बाटवलंत!"

"बाटवलं कुठे? तुम्हीच म्हणता ना, मी काही करत नाही, मी फक्त विचारतो? मीही विचारलं." सासूबाईंनी बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. "यात कांजी आहे. माझी सून रोज असलं पिंपभर ढवळते. तिच्या हाताखाली रोजच चमत्कार होतो, तिकीट लावत नाही इतकंच."

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, तुमचं पाणीच विषारी निघालं की!"

बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघा! बघा लोकहो! विषानं विष ओळखलं! दवाखान्याचं औषधसुद्धा..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

हसू थांबलं. निम्म्या माना पुन्हा डोलू लागल्या. उरलेलं वाक्य हवेत लोंबकळत होतं, आणि माणसं ते आपापल्या भीतीनं पूर्ण करायच्या बेतात होती.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "बाबा एक गोष्ट खरी सांगतात. हे पाणी खोटं बोलत नाही. निळं म्हणजे मिठात आयोडीन आहे. फक्त ते विष नाही. ते मुद्दाम घातलेलं आहे, तुमच्या पोटातल्या बाळांसाठी."

तिसऱ्या रांगेतून शिंपिणीनं विचारलं. तिच्या मांडीवर तिचं खड्याचं बाळ होतं, मांडीवर बसायच्या वयाचं न राहिलेलं.

"आणि निळं नाही झालं तर, बाई?"

डॉक्टरीणबाईंनाही वाक्य अर्धं सोडता आलं असतं. सोपं झालं असतं. त्यांनी ते पूर्ण केलं, एकेक शब्द, सौम्यपणे, कुठलाही न वगळता. मेंदू कसा घडतो, कधी घडतो, काय कमी पडलं तर काय राहून जाऊ शकतं, आता काय करता येईल आणि काय करता येणार नाही.

मग कुणी टाळी वाजवली नाही. कुणी स्टेजवर धावून गेलं नाही. बाबा मागच्या दारानं निसटले, बशा तिथेच टाकून, आणि त्यांना अडवायला एकही माणूस उठला नाही. कारण हॉलमधल्या सगळ्या आया आपापल्या मांडीकडे बघत होत्या. शांत मुलांकडे. मनातल्या मनात प्रत्येकीनं आपली बरणी आठवली होती.

चमत्काराचा उलगडा झाला की लोक जिंकल्यासारखे घरी जातात, असं गोष्टींत असतं. त्या दिवशी लोक अंत्ययात्रेहून परतल्यासारखे गेले.


आवाज

म्हणून सांगायचं आहे ते सरळच सांगितलेलं बरं. मिठाचं पाकीट घेताना त्यावर आयोडीन लिहिलंय का ते वाचा. ते मीठ झाकून ठेवा. घरात कुणी दोन जिवांची असेल, किंवा व्हायची असेल, तर दवाखान्यात जा आणि कोणतं मीठ खाता हे खरं सांगा. जास्त खाऊन जास्त फायदा होत नाही, रोजच्या जेवणातलं पुरतं. आणखी काही लागतं का ते डॉक्टरला विचारा. आणि कुणी डोळ्यांदेखत रंग बदलून दाखवला तर घाबरण्याआधी एवढंच विचारा, हा रंग कशाचा आहे? काय झालं ते डोळे सांगतात. का झालं ते विचारावं लागतं. त्या हॉलमध्ये पाणी दर वर्षी खरं बोलत होतं. त्याचा अर्थ मात्र सगळे बाबांना विचारत होते.

धाकटीला मुलगा झाला. टाचेतून रक्त घेऊन गळ्यातल्या त्या ग्रंथीची तपासणी झाली, नीट निघाली. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्याही वेळी बजावलं.

बाळ घरी आलं त्या दुपारी ते रडलं. असं रडलं की समोरचा सुतार करवत थांबवून दारात आला. बबडीनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आजी. बाळ मोठ्यानं."

"रडू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "रडू दे त्याला."

कांजीवाली उठून मागच्या दारी गेली. दोरीवर बबडीचा फ्रॉक वाळत होता, तिनंच कांजी केलेला, पांढरा. तो तोंडावर धरून, बबडी जेवढं कधी रडली नव्हती, तेवढं ती रडली.